शाळेच्या मैदानावर उमेदवारी: कोच व्हायचंय तर सुरुवात कुठून करायची

आपल्याकडे अप्रेंटिस म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते भुसावळचं रेल्वे वर्कशॉप, नाहीतर वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी. आयटीआय झाली, फिटर किंवा वायरमन ट्रेड, मग अप्रेंटिसशिप, मग भरती निघाली तर निघाली. प्रत्येकाच्या घरात कुणी ना कुणी काका-मामा यातून गेलेला असतो. पण स्टेटला खेळून आलेल्या कबड्डीच्या पोराला विचारा "पुढे काय?", तो म्हणतो पोलीस भरती, नाहीतर आर्मी. तिथं उंची एक सेंटीमीटर कमी भरली की गडी परत गावात, आणि रोज संध्याकाळी ग्राउंडवर लहान पोरांना चढाई कशी करायची ते दाखवत बसतो, फुकट. हे जे तो फुकट करतोय तेच एक काम आहे, त्याचंही शिक्षण असतं, त्याचीही उमेदवारी असते, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

मीही त्यातलाच. खो-खो खेळायचो, आपल्या उमविच्या, म्हणजे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या टीममधून एकदा खेळलो, पुढे काही झालं नाही. मग तालुक्याच्या एका हायस्कुलात पीटीच्या सरांच्या हाताखाली लागलो आणि तिथून पुढं सरकत सरकत आज दोन शाळांत कोच म्हणून जातो. अधूनमधून पोरं विचारतात की दादा हे कसं करायचं, कोणता कोर्स, किती पैसे, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकतोय.

आधी एक घोळ मिटवू. शाळेतला क्रीडा शिक्षक वेगळा आणि कोच वेगळा. क्रीडा शिक्षक म्हणजे शाळेचा शिक्षक, त्याला बीपीएड म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी लागते, तो वेळापत्रकातले पीटीचे तास घेतो, कायम असेल तर सरकारी नियमानं पगार घेतो. कोच एका खेळाचा असतो, सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर टीम घेतो, बहुतेक वेळा मानधनावर असतो. रस्ते दोन, पण दोन्हीची बालवाडी एकच, शाळेचं मैदान. नुसता चांगला खेळाडू असणं वेगळं आणि सातवी ब च्या साठ पोरांना पस्तीस मिनिटं हलतं ठेवणं वेगळं. चाळीसगाव तालुक्यातल्या विजय चौधरींनी २०१४, २०१५, २०१६ अशी सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरी मारली, तेव्हा आमच्याकडच्या निम्म्या पोरांना पैलवान व्हायचं होतं. वस्ताद व्हायचंय असं म्हणणारा एकही भेटला नाही. खरंतर तालमीतली वस्ताद आणि पठ्ठा ही जोडी म्हणजे आपली सगळ्यात जुनी अप्रेंटिसशिप, फक्त तिला कागद नव्हता.

कागदाचं म्हणाल तर इंग्लंडात हे रीतसर आहे. २०१२ ला लंडनचं ऑलिम्पिक झालं, त्यानंतर २०१३ पासून तिथल्या सरकारनं प्राथमिक शाळांना खेळासाठी वेगळा निधी द्यायला सुरुवात केली, २०१७ ला तो दुप्पट केला, सतरा किंवा जास्त पोरं असलेल्या शाळेला वर्षाला १६,००० पौंड आणि वर प्रत्येक पोरामागे १० पौंड. शाळांना मैदानावर माणसं लागायला लागली आणि त्यातून शिकाऊ कोचची पद्धत वाढली. बारावी झालेला पोरगा शाळेत किंवा शाळांना कोच पुरवणाऱ्या कंपनीत लागतो, त्याला करार मिळतो, पगार मिळतो, हाताखाली घेणारा एक अनुभवी माणूस मिळतो. शिवाय २०२२ मध्ये त्यांनी नियम केला होता की फुल टाइम अप्रेंटिसला आठवड्यातले कमीत कमी ६ तास नुसतं शिकायला द्यायचे, त्या वेळात त्याला कामाला जुंपायचं नाही. शेवटी परीक्षा, मग सर्टिफिकेट.

म्हणजे बघा, त्यात गोष्टी चारच आहेत: लेखी कागद, थोडेफार पैसे, एक गुरू आणि शिकायला राखून ठेवलेला वेळ. आपल्याकडे शाळेत "अप्रेंटिस कोच" असं रेडीमेड पोस्ट सहसा नसतं. १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आहे, २०१६ पासून त्याच्यावर केंद्राची स्टायपेंडमध्ये वाटा उचलणारी योजनाही आहे, पण तो सगळा कारभार मुख्यतः कारखाने आणि कंपन्यांकडे झुकलेला. म्हणून आपल्याला या चार गोष्टी चार ठिकाणांहून गोळा करायच्या आहेत. जमतं, फक्त डोकं वापरून करावं लागतं, नाहीतर शाळेला फुकटचा गडी मिळतो आणि तुमची दोन वर्षं जातात.

शाळेला तुमची गरज का असते ते आधी समजून घ्या, म्हणजे हेडसरांसमोर उभं राहताना मान खाली जाणार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय की सहावी ते आठवीत १०० च्या वर पोरं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा माणूस पाहिजे. प्रत्यक्षात काय असतं ते तुम्हाला माहितीये. जिथं पीटीचे सर आहेत तिथं त्यांच्याच मागे निवडणुकीचं काम, खिचडीचा हिशोब, परीक्षेची बैठक व्यवस्था, आणि खेळाचा तास म्हणजे "जा रे मैदानावर, गोंधळ करू नका". दुसरीकडे केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांना क्रीडा साहित्यासाठी वर्षाला प्राथमिकला ५,०००, उच्च प्राथमिकला १०,००० आणि माध्यमिकला २५,००० पर्यंत मिळतात. म्हणजे बॉल येतो, रिंग येते, दोरी येते, आणि सगळं कपाटात कुलूपबंद राहतं कारण वापरून घेणारा माणूस नाही. तो माणूस तुम्ही.

आता पैसे. सध्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे २०२४ मध्ये आलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. १८ ते ३५ वय, महाराष्ट्राचा रहिवासी, शिक्षण चालू नको. बारावी पासला महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,०००, पदवीधराला १०,०००, थेट बँक खात्यात. आधी ६ महिने होतं, नंतर वाढवून एकूण ११ महिने केलं. यातून बरीच पोरं जिल्हा परिषदेच्या शाळांमध्येही गेली. नोंदणी महास्वयंम पोर्टलवर असते, जागा निघाल्यात का ते तिथंच बघायचं, व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या लिंकवर आधार नंबर टाकत बसू नका. दोन गोष्टी मात्र डोक्यात पक्क्या ठेवा. एक, हे प्रशिक्षण आहे, नोकरी नाही, मुदत संपली की संपलं, त्यावरून खूप पोरांचा भ्रमनिरास झाला आणि आंदोलनंही झाली. दुसरं, हे एकदाच मिळतं. आणि शाळेत गेलात की तुम्हाला कॉम्प्युटरवर बसवून माहिती भरायला लावतील, कारण तुम्हाला टायपिंग येतं. हेडसरांना पहिल्याच दिवशी नम्रपणे सांगायचं की सर, दिवसातले दोन तास तरी मैदानावर द्या, आणि आदेशात "क्रीडा व शारीरिक शिक्षण सहाय्य" असे शब्द घालून घ्या. एका ओळीचं काम आहे, पण पुढं तीच ओळ दाखवता येते.

योजनेत नंबर नाही लागला तर मग सरळ शाळेशी मानधनावर बोलायचं. मानधन किती हे संस्थेवर आहे. मला पहिल्या वर्षी महिन्याला ३,००० मिळायचे आणि तेही दोन-दोन महिने थांबून, पेट्रोलला आणि बुटांना पुरायचे, बस. सकाळचे सहा ते आठ मैदान, मग दुपारभर मामाच्या कृषी सेवा केंद्रात बसायचो, संध्याकाळी परत मैदान. घरी कपाशी असेल, केळी असेल तर हे जमतं, नाहीतर पहिलं वर्ष जड जातं, उगाच गोड बोलण्यात अर्थ नाही.

आता मुद्द्याचं, शिकायचं काय.

पहिला महिना मी फक्की मारली, म्हणजे पांढऱ्या पुडीनं मैदानाच्या रेषा आखल्या. खोटं नाही. सकाळी पावणेसहाला मैदानावर, डब्याला भोकं पाडलेली, त्यात फक्की, दोरी धरून रेषा. खो-खोचं मैदान २७ बाय १६ मीटर, मधली पट्टी ३० सेंटीमीटर, दोन्ही टोकांना खांब. मला वाटायचं मी युनिव्हर्सिटी खेळलेला माणूस आणि मला रेषा मारायला ठेवलंय. सर काही बोलायचे नाहीत. मग एका गुरुवारी म्हणाले आजचा सातवी ब चा तास तू घे. मी पोरांना रांगेत बसवलं आणि खो कसा द्यायचा ते सांगायला लागलो. पाठीवर हात, मोठ्यानं खो, दिशा बदलायची नाही, मधली रेषा ओलांडायची नाही. सगळं बरोबर सांगत होतो. ऊन चढलेलं, पोरं चुळबुळ करतायत, मागं दोघांची मारामारी सुरू झालेली. सर लिंबाखालून आले आणि कानात म्हणाले, "भाषन बंद कर भो, शिट्टी वाजाड."

मी शिट्टी वाजवली, खेळ सुरू केला. मला वाटलं आता झकास चाललंय. तास संपल्यावर सरांनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली, त्यावर ३ लिहिलेलं. म्हटलं हे काय. तर म्हणे निळ्या रिबिनीवाली पोरगी होती ना, पस्तीस मिनिटांत ती तीन वेळा पळाली. आधी बारा मिनिटं तुझं भाषण, मग आठ जण पाटीवर बसलेले, एक पळतोय, तिघं आत, बाकीचे अठ्ठेचाळीस कडेला बसून बघतायत. तीच पोरगी मला पण आठवत होती, दोनदा येऊन विचारून गेली होती, "दादा, मना नंबर कव्हय येई?" आणि मी तिला थांब म्हणालो होतो.

पुढच्या गुरुवारी सरांनी मला मोठं मैदान वापरूच दिलं नाही. चार छोटी मैदानं आखली, पाट्यांच्या जागी चपला, खांबाच्या जागी एकेक पोरगं हात वर करून उभं, प्रत्येक मैदानावर पंधरा जण, पाच बसलेले, एक पळणारा, तिघं आत, आणि उरलेले सहा बाजूला शिवाशिवी खेळतायत, दर दोन मिनिटांनी बदली. नियम फक्त दोन सांगितले, बाकीचे पोरं चुकली तेव्हा तिथल्या तिथं. त्या दिवशी मी स्वतः मोजलं, निळी रिबीन १९ वेळा पळाली. आनंदानं सरांना सांगायला गेलो तर म्हणतात, "आणि तिच्या मागं बसलेल्या जाड्या पोराचे किती?" मी त्याला बघितलंच नव्हतं.

शाळेतल्या उमेदवारीचा सगळा अर्क मला या मोजण्यात वाटतो. कुठल्याही कोर्सला जा, तिथं हेच मोठ्या शब्दांत सांगतात, की तासातला किती वेळ पोरगं प्रत्यक्ष हललं, किती वेळ रांगेत उभं राहिलं. एक पोरगं निवडा, वहीत नाव लिहा, त्याच्याकडेच बघा आणि मोजा. बॉल असेल तर बॉलला किती वेळा हात लागला, कबड्डी असेल तर किती चढाया केल्या. आकडा दोन-तीनच्या वर जात नसेल तर चूक पोरांची नाही, तुमच्या आखणीची आहे. ही वही रोज लिहायची, तारीख, वर्ग, किती पोरं, काय ठरवलं होतं, काय झालं, उद्या काय बदलायचं. चार ओळी पुरे. इंग्लंडवाल्यांचे ते सहा तास आहेत ना, आपल्यासाठी ते या वहीतून येतात, आणि आठवड्यातून एकदा सरांसोबत चहा पिताना ती वही उघडून बसण्यातून. सर स्वतः शिकवायला बसणार नाहीत, तुम्हालाच विचारावं लागतं. आणि सर निवडताना बघून निवडा. ज्या शाळेत पीटीचे सर दिवसभर खुर्चीत बसून शिट्टी मारतात तिथं तुम्ही खुर्चीत बसणंच शिकाल, शाळा कितीही नावाजलेली असो.

दुसरी गोष्ट आपल्याकडचं ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो हे जगाला माहितीये, पण पोरं आजारी पडतात ती मार्चमध्ये आणि ऑक्टोबर हीटमध्ये, जेव्हा आपण बेसावध असतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, पोरगं मागो न मागो. पाणी बंद ठेवून स्टॅमिना वाढतो हा जुना समज अजून काही मैदानांवर जिवंत आहे, तो डोक्यातून काढून टाका. पोराला चक्कर आली, मळमळलं, खूप घाम, पायात गोळे आले तर सावलीत झोपवा, पाय थोडे वर, ओआरएस किंवा मीठ-साखरेचं पाणी. पण पोरगं बरळायला लागलं, नीट उत्तर देईना, अंग चटका बसेल असं तापलं, तर तो उष्माघात, तिथं थांबायचं नाही, ओल्या कपड्यानं मान, काखा, जांघा गार करायच्या, वारा घालायचा, अंगावर पाणी ओतायचं आणि त्याच वेळी गाडी बोलवायची. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. १०८ नंबर सगळ्यांना पाठ असतो, पण मैदानाजवळचा दवाखाना कुठला आणि तो किती वाजता उघडतो हे पण माहिती पाहिजे.

मुका मार लागला, घोटा मुरगळला तर बर्फ कपड्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, बांधायचं, पाय वर ठेवायचा. गावातल्या कुणाकडून ओढून बसवून घ्यायचं नाही आणि त्या दिवशी मालिश तर अजिबात नाही. बारा-चौदा वर्षांची पोरं वाढीला लागलेली असतात, त्यात गुडघ्याच्या खाली किंवा टाचेत दुखतं म्हणाली तर "नाटकं करू नको" म्हणू नका, हाडं वाढत असताना तिथं खरोखरच दुखतं. उड्या आणि पळणं थोडं कमी करायचं, राहिलं नाही तर डॉक्टर.

आता एक विषय जो पोरं ऐकायला नको म्हणतात पण हाच सगळ्यात आधी शिकायचा. तुम्ही दुसऱ्यांच्या लेकरांसोबत काम करणार आहात. २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, १८ वर्षांखालच्या मुला-मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचा. त्यात असं आहे की असा प्रकार झाल्याचं कळलं तर पोलिसांना सांगणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, सांगितलं नाही तर तो पण गुन्हा. "संस्थेचं नाव खराब होईल" हे कारण तिथं चालत नाही. म्हणून स्वतःची पोलीस चारित्र्य पडताळणी आधीच करून घ्या, शाळेनं मागितली नाही तरी. पकड शिकवताना हात लावावा लागतो, मग सगळ्यांसमोर, आधी सांगून, विचारून, आणि मुलींच्या बाबतीत शक्यतो एका मुलीला दुसरीवर करून दाखवायला लावायचं. एकट्या पोराला किंवा पोरीला साहित्याच्या खोलीत बोलवायचं नाही, मुलींना रात्री वैयक्तिक मेसेज नाहीत, टीम बाहेरगावी नेताना सोबत मॅडम पाहिजेच. यानं तुमचंही रक्षण होतं.

मुलींवरून आठवलं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, भारताच्या पुरुष आणि महिला दोन्ही टीम जिंकल्या आणि दोन्हीचे कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. त्यानंतर मुलींची गर्दी वाढली, पण आईबाप विचारतात कोच कोण, बाई आहे का. बाई नसते. त्यामुळे जी ताई हे वाचत असेल तिला स्पष्ट सांगतो, आपल्या भागात तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर काम मिळेल. पाळी चालू असताना खेळायचं का, शॉर्ट घालायची का, असल्या प्रश्नांवर मी आजही अडखळतो, तुम्ही दोन मिनिटांत मोकळं बोलाल.

कागदावर येऊ, कारण मी इथंच मार खाल्लाय. दुसऱ्या एका संस्थेत मी चौदा महिने टीम घेतली, पोरं विभागापर्यंत गेली, विभाग म्हणजे आपल्यासाठी नाशिक. सगळं तोंडी. "अरे तू घरचाच आहेस, पत्र काय मागतो." मग हेडसर रिटायर झाले, नवीन आले, मी अनुभवाचा दाखला मागायला गेलो तर त्यांनी हजेरी मस्टर उघडलं, माझं नाव कुठंच नाही. ते काही वाईट माणूस नव्हते, पण कागदावर मी त्या शाळेत कधी नव्हतोच. चौदा महिने गेले. तर जॉइन होताना अर्ज द्या आणि त्याच्या झेरॉक्सवर पोच घ्या, सही-शिक्क्यासह. शाळेकडून पत्र घ्या, कधीपासून, कोणत्या खेळासाठी, कोणाच्या मार्गदर्शनाखाली, किती वेळ. सोडताना दाखला घ्या आणि त्यावर जावक क्रमांक आहे का ते बघा, जावक क्रमांक नसलेला दाखला म्हणजे लग्नपत्रिका, वाचायला छान. स्पर्धेच्या प्रवेशिकेवर मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव लिहिलं जातं का तेही बघा, तिथं बऱ्याचदा भलत्याचंच नाव असतं.

प्रवेशिकेवरून अजून एक काम, जे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या असतात, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. प्रत्येक पोराचा जन्मतारखेचा पुरावा, निर्गम उतारा, आधार, फोटो, ऑनलाइन नोंदणी. हे पेपर वेळेत झाले नाहीत तर वर्षभराची मेहनत टेबलावरच बाद. आणि यातल्या कामगिरीवर दहावी-बारावीला ग्रेस गुण मिळतात, वरच्या स्तरावर खेळलं तर पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे एक चुकीची जन्मतारीख पोराला दहा वर्षांनी नडू शकते. ज्याला हे पेपर नीट करता येतात तो कोच शाळेला हवाच असतो, अगदी खेळात मध्यम असला तरी.

सर्टिफिकेटचं बोलू. मैदानावर एक वर्ष काढल्याशिवाय कोर्सला पैसे घालू नका असं माझं मत आहे, कारण तोपर्यंत कळतच नाही की आपल्याला पोरं आवडतात का नुसता खेळ. त्यानंतर रस्ते असे. शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर पदवीनंतर दोन वर्षांचं बीपीएड, त्याला सीईटी असते आणि सोबत फिल्ड टेस्ट पण, त्यामुळे पळणं सोडू नका. बीपीएडमध्ये शाळेत जाऊन पाठ घ्यावे लागतात, ज्यानं आधीच वर्षभर शाळेत काढलंय तो तिथं मजेत असतो. पण बीपीएड झालं की नोकरी, असं आता राहिलेलं नाही, कायम जागा कमी निघतात, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

कोचच व्हायचं असेल तर पतियाळाची एनआयएस म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्था, १९६१ पासूनची. तिचा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो आणि साधारण वर्षभराचा डिप्लोमा असतो. सहा आठवड्यांचा सुरुवातीला परवडतो. डिप्लोमाला पदवी आणि खेळातली वरच्या स्तरावरची प्रमाणपत्रं लागतात, पण तो झाला की जाहिरातीत जिथं "एनआयएस" लिहिलेलं असतं तिथं तुमचा अर्ज टिकतो. फुटबॉलवाल्यांना फेडरेशनच्या लायसन्सची शिडी आहे, डी पासून वर. आणि एक स्वस्तातला रस्ता जो सगळे विसरतात तो म्हणजे राज्य संघटनेची पंच परीक्षा. पंच झालात की नियम पक्के होतात, तालुका-जिल्ह्याच्या स्पर्धांना ड्युटी लागते, बाकीच्या शाळांचे सर ओळखायला लागतात. मला दुसरी शाळा अशीच मिळाली, फायनलला शिट्टी मारत होतो आणि हरलेल्या टीमच्या सरांनी नंबर मागितला.

नंदुरबारकडच्या पोरांना एक वेगळं सांगायचंय. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या पट्ट्यात आश्रमशाळा आहेत, पोरं तिथंच राहतात. आमच्याकडे सकाळी सहाला पोरं येत नाहीत कारण बस नाही, शेतात जायचंय, ट्यूशन आहे. आश्रमशाळेत पोरं सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळ हाताशी असतात, डोंगर चढून-उतरून पाय तयार, आणि आदिवासी विकास प्रकल्पाच्या पातळीपासून त्यांच्या वेगळ्या क्रीडा स्पर्धा होतात. उमेदवारी करायला याच्यापेक्षा चांगली जागा मला तरी माहिती नाही. फक्त तिथं राहायची तयारी पाहिजे आणि त्यांची बोली थोडी तरी आली पाहिजे, आपली अहिराणी तिथं पुरत नाही.

शाळा जूनच्या मध्यात उघडतात, स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो, म्हणून हेडसरांना भेटायचं ते मे संपता संपता, जून उजाडल्यावर प्रवेशाची गर्दी असते आणि ते तुमच्याकडे बघणार पण नाहीत. सोबत अर्ज एका पानाचा, खेळाची प्रमाणपत्रं, दोन फोटो, आणि अर्जात लिहा की सकाळी किती ते किती येऊ शकतो आणि कोणत्या वर्गाची टीम घेऊ शकतो. आधी पीटीच्या सरांना भेटा, मग हेडसरांना. उलटं केलंत तर सरांना वाटतं हा माझ्या जागेवर आलाय, आणि मग तुम्ही वर्षभर फक्कीच माराल.

शिट्टी स्वतःची घ्या, शाळेतली शिट्टी सगळ्यांच्या तोंडात फिरलेली असते.